मोहन्याच्या पाटलाचा सुरा

हौसाबाईनं घण खांद्यावर घेतला होता आणि तो खाली आणायची खूण काही मिळत नव्हती. सांडशीत धरलेला नांगराचा फाळ लालाचा काळा होत चालला होता. सहदेव एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात हातोडी घेऊन दारातल्या माणसाशी बोलत होता, आणि एकदा बोलायला लागला की सहदेवाला लोखंडाचं भान राहत नसे.

"तलवारीचं काय घेऊन बसलात पाटील. आमच्या घरात जौहराचं काम झालंय. पात्यावर अशी लहर उठायची, वाटावं पाणीच धरलंय हातात. माझ्या बानं केलेले सुरे बघायला माणसं ठाण्याहून यायची."

"तेच ऐकून आलोय," दारातला माणूस म्हणाला.

हौसाबाईनं घण हळूच जमिनीवर टेकवला. फाळ आता पुन्हा तापवावा लागणार होता.

आलेला माणूस मोहने गावचा महिपत पाटील. कल्याणच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सहदेवाचं लोहारकाम चाले, आणि नदीवरच्या गावांतले कुळवाडी कोयते-विळे शेवटवायला, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धारेला आणायला, तिथेच येत. पण पाटील स्वतः कधी आला नव्हता. त्यानं काखेतलं धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ऐरणीवर ठेवलं आणि फडकं सोडलं. आत अर्धी तलवार होती. मुठीकडचा भाग, हातभर लांबीचा, पुढे वेडावाकडा तुटलेला.

"आमच्या आज्याची," पाटील म्हणाला. "बापसानं डुकरावर मारली तवा मोडली. डुक्कर मेला, बापूस वाचला. तवापासनं माळ्यावर पडून हाय. मना याचा सुरा पायजे. वीतभर पातं नि वर चार बोटं. आता भात पोटरीला आलं की डुकरं उतरतील. बंदूक हाय माझ्याकडं, पण चिखलात जनावर अंगावर आलं की बंदूक नि काठी सारखीच."

"होईल की," सहदेव म्हणाला.

"साधा नको. जौहराचा. खंडेनवमीला शस्त्रांच्या पूजेत मांडायचाय."

खंडेनवमीला तेरा दिवस होते. हौसाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. सहदेवानं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "भिवा लोहाराचा मुलगा हाय मी, पाटील. निर्धास्त जा."

जौहराचा सुरा म्हणजे काय, ते त्या काळी सगळ्यांनी ऐकलेलं होतं आणि फार थोड्यांनी पाहिलेलं होतं. कठीण पोलाद आणि मऊ लोखंड एकमेकांवर रचून, तापवून, ठोकून एकजीव करायचं. मग दुमडायचं, पुन्हा ठोकायचं, पुन्हा दुमडायचं. शेवटी पातं घासून त्याला हिराकस चोळली की दोन्ही धातू वेगवेगळा रंग धरतात आणि पात्यावर नक्षी उमटते. असं पातं वाकतं पण मोडत नाही, अशी त्याची ख्याती. आगगाडी आल्याला तीस वर्षं होऊन गेली होती, बाजारात विलायती सुऱ्या येत होत्या, लखलखीत, गुळगुळीत आणि सगळ्या एकसारख्या. कल्याण-ठाण्यात जौहर करणारा कोणी उरला नव्हता. भिवा लोहार गेला त्यालाही आता वीस वर्षं झाली होती.

दुपारी भाकरीचा तुकडा बोंबलाच्या कालवणात बुडवून सहदेव तसाच बसून राहिला. जेवताना त्याचं तोंड गप्प असणं ही गोष्ट घरात नवी होती.

"हौसे," तो शेवटी म्हणाला, "मला जौहर येत नाय."

"ठाऊक हाय."

"तुला कसं ठाऊक?"

"चोवीस वर्षं तुमच्या सांडशीवर घण मारतेय मी. येत असतं तर एकदा तरी दिसलं असतं."

सहदेवाला हसावं की रागवावं ते कळेना. "बानं शेवटचा सुरा केला तवा मी घाटात होतो," तो म्हणाला. "कसाऱ्याला. सुरुंगाच्या पहारी शेवटवत. दोन पावसाळे तिकडं गेले. आलो तवा बाच्या डोळ्यांत मोती पडलेले. मला म्हणाला, सांगून येत नाय रं, बघून येतं. आणि दाखवायला त्याला दिसत नव्हतं."

"मंग पाटलाला हो कशाला म्हणालात?"

"तोंडातून गेलं. इतकी वर्षं पारावर बसून सांगतोय. आज माणूस दारात आला, तलवार घेऊन आला, त्याला नाय कसं म्हणू?" त्यानं ताट बाजूला सारलं. "उद्या जातो मोहन्याला. परत देतो. हसतील ते हसतील."

हौसाबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी घातली. "आधी आपल्या लोखंडावर करून बघू," ती म्हणाली.

"करणार कोण?"

"तुमी घाटात होतात तवा इथं भाता कोण ओढत होतं?"

सहदेवानं सारलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं.

हौसाबाई तेव्हा पंधरा वर्षांची होती. लग्न होऊन सहा महिने झालेले, नवरा परगावी आणि सासू नाही. सासऱ्यानं तिला भात्यावर बसवलं. भिवा लोहार फार बोलणारा नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं एवढंच सांगितलं होतं, पोरी, पदर कपाळाच्या वर घे, विस्तव दिसला पाहिजे. मग ती विस्तव बघत राहिली. दिवसच्या दिवस दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. माहेरची आठवण आली तरी विस्तवच बघायचा. त्यातल्या लोखंडाचे रंग तिला पाठ झाले. आधी जांभळाच्या सालीसारखा, मग डाळिंबाचा, मग पळसाच्या फुलाचा, मग झेंडूचा. सासरा रंगाला नाव देऊन हुकूम करी. डाळिंब आलं का गं, की ती म्हणे आलं. त्याची नजर तेव्हाच अधू होऊ लागली होती आणि तो तिच्या डोळ्यांनी काम करत होता, हे तिला त्या वयात कळलं नव्हतं. आत्ता ताटावर बसल्या बसल्या कळलं, आणि कळल्याबरोबर तिचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनी झिजलेली कानस घेतली. कानशीचं पोलाद कठीण असतं. बैलगाडीच्या चाकाची तुटकी धाव घरात होती, ते मऊ लोखंड. त्याचे बोटभर तुकडे करून एकाआड एक रचले, तारेनं बांधले आणि भट्टीत घातले. सहदेवानं भाता ओढला. तापल्यावर वर टाकणखार टाकला, तो वितळून तुकड्यांच्या फटींत शिरला.

"झेंडू झाला," हौसाबाई म्हणाली. "आता जरासं थांबून काढा."

"अजून तापू दे. जोड धरायला ताव कडक लागतो." सहदेवानं भात्याला जोर दिला. विस्तवातून पांढऱ्या चांदण्या उडाल्या. त्यानं ढिगारा उचलून ऐरणीवर ठेवला, हातोडीनं खूण केली, तिनं घण घातला, आणि सगळा ऐवज कुजक्या लाकडासारखा फुटून चार दिशांना गेला. एक तुकडा पाण्याच्या कुंडीत जाऊन चर्र वाजला.

सहदेवानं सांडशीनं एकेक तुकडा गोळा केला.

"चांदण्या उडाल्या म्हणजे पोलाद जळलं," हौसाबाई म्हणाली. "मामंजी चांदण्या उडू देत नव्हते."

"हे आदी सांगायचं."

"सांगितलं की. थांबून काढा म्हटलं."

घण मारणाऱ्यानं बोलायचं नाही, हा लोहाराच्या घरातला जुना रिवाज. सांडशी ज्याच्या हातात, शब्द त्याचा. हातोडीनं तो जिथे टिचकी मारील तिथे घण पडला पाहिजे. दोघांनी बोलत बसलं तर लोखंड थांबत नाही. हौसाबाईनं तो रिवाज चोवीस वर्षं पाळला होता आणि त्यात तिला काही कमीपणाही वाटला नव्हता. पण आता ती म्हणाली, "असं करू. भात्यावर मी बसते. विस्तव मी बघते. मी काढा म्हटलं की काढायचं. तुमी ऐरणीवर नेऊन धरा, तवर मी घण घेते."

"आणि मी काय करू? नुसता बैल?"

"तुमचा हात माझ्या हातापेक्षा चांगला हाय. माझा डोळा चांगला हाय. एवढंच."

सहदेवानं थोडा वेळ रागावून पाहिलं. रागावणं त्याला नीट जमत नसे. मध्येच हसू यायचं. तसं ते आलं. "बरं बाई," तो म्हणाला. "कसाऱ्याला गोऱ्या साहेबाचं ऐकलं, तुझं ऐकायला काय जातंय."

दुसरा ढिगारा तिनं स्वतः रचला. भाता ओढताना तिला सगळं आठवत गेलं. डोक्यात नव्हे, हातातच आठवत गेलं. झेंडूच्या पुढे एक क्षण असतो. टाकणखार उकळत्या तुपासारखा बारीक बुडबुडतो, आणि लोखंड ओलं दिसायला लागतं. त्याच्यापुढे चांदण्या. त्या दोहोंच्या मध्ये जेमतेम दोन श्वास.

"काढा," ती म्हणाली, भाता सोडला आणि घण उचलला.

पहिले घाव हलके घालायचे, हे ती विसरली नव्हती. धप धप धप. टाकणखाराचे जळते थेंब उडाले, तिच्या पायावर दोन पडले, ते तिनं झटकलेही नाहीत. सहदेव लोखंड फिरवत होता, ती मारत होती. पाच-सहा घावांनंतर आवाज बदलला. धप धप असा येणारा आवाज एकदम टणक झाला. दोघांनाही तो एकाच वेळी ऐकू आला, आणि सहदेवानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. लोखंड एकजीव झालं होतं.

पण नुसती जोडणी म्हणजे जौहर नव्हे. ती कांब दुमडून, ठोकून, घासून त्यांनी हिराकशीचं पाणी चोळलं, तेव्हा पात्यावर सरळ रेघा आल्या. सुपाच्या काड्यांसारख्या, एकीखाली एक. नक्षी नव्हती.

"काहीतरी राहिलं," सहदेव म्हणाला. दोन दिवस तो तसाच गप्प गप्प वावरला. पारावर गेला नाही. पाटलाची तलवार फडक्यात कोनाड्यात होती आणि खंडेनवमीला आठ दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई विळीवर भोपळा चिरत होती. भोपळ्याला आडव्या खाचा पाडता पाडता ती थांबली. विळी तशीच टाकून ती भट्टीपाशी गेली. "मामंजी पट्टीला आडव्या खाचा पाडायचे," ती म्हणाली. "छिन्नीनं. दोन्ही अंगांनी. मला वाटायचं, म्हाताऱ्यानं चांगली पट्टी नासली. मंग तापवून पुन्हा सपाट करायचे."

सहदेवानं छिन्नी उचलली, मग खाली ठेवली. त्याच्या ध्यानात आलं. खाच पाडली की खालचे थर उघडे पडतात. वरून ठोकून सपाट केलं की तेच थर वर उचलून येतात. सरळ रेघ मग सरळ राहत नाही. "अगं," तो एवढंच म्हणाला, आणि ओसरीवरून अंगणात जाऊन दोन फेऱ्या मारून आला.

त्या दुपारी त्यांनी तलवार उघडली. ती कापायची म्हणजे परतीचा रस्ता नाही. सहदेवानं पातं तापवून ऐरणीवर धरलं, छिन्नी टेकवली, पुन्हा उचलली. "पाटलाच्या आज्याची हाय," तो म्हणाला.

"डुकरावर एकदा मोडलीच होती," हौसाबाई म्हणाली. "धरा सरळ."

तिनं घण घातला आणि तुकडा पडला.

पुढचे चार दिवस कल्याणच्या त्या रस्त्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत घणाचा आवाज येत राहिला. शेजारपाजारचे येऊन बघून जात. सहदेव कोणाशी बोलत नसे, त्यामुळे लोकांना तो आजारी आहे असं वाटलं. आत दोघांचं मात्र निराळंच चाललं होतं. एकेक घडी पडत गेली तशी त्यांना एकमेकांची चाल कळत गेली. तिनं काढा म्हणायच्या आधीच त्याची सांडशी पुढे होऊ लागली. त्यानं खूण करायच्या आधीच तिचा घण तिथे पडू लागला. चौथ्या घडीला ती अचानक हसायला लागली, घण खांद्यावर तसाच. सहदेवानं विचारलं काय झालं, तर तिला सांगता येईना. तिला आनंद होत होता, एवढंच. लग्नातसुद्धा एवढा झाला नव्हता. लग्नात ती फार लहान होती आणि भूक लागलेली होती.

पाचव्या घडीला विघ्न आलं. टोकाकडे एक काळी केसाएवढी रेघ दिसली. जोड तिथे धरला नव्हता. सहदेवानं घासून पाहिलं, रेघ आत गेलेली होती.

"दोन बोटं कापावी लागतील," तो म्हणाला. "पाटलानं चार बोटं वर सांगितलीत. दोनच उरतील." थोड्या वेळानं त्यानं असंही म्हटलं, "रेघ बुजवून वरनं घासली तर दिसायची नाय."

"डुकराला दिसेल," हौसाबाई म्हणाली.

त्यांनी दोन बोटं कापली.

खाचा पाडल्या, सपाट केल्या, पात्याला आकार दिला. पाणी देण्याच्या, म्हणजे तापलेलं पातं एकदम निववून कठीण करण्याच्या वेळी पातं डाळिंबाच्या रंगावर आलं तेव्हा तिनं काढा म्हटलं आणि सहदेवानं ते कोमट तिळाच्या तेलात बुडवलं. दोघं कान देऊन उभी राहिली. तडकलं तर टिक असा आवाज येतो. आला नाही. नुसतं तेल फसफसलं आणि शांत झालं.

मग कुरुंदाच्या दगडावर दीड दिवस घासणं. मग हिराकस. पातं आधी मळकट, करडं दिसलं, मेलेल्या माशासारखं. हौसाबाईनं ते चुन्याच्या पाण्यानं धुतलं, फडक्यानं पुसलं, बोटावर तेलाचा थेंब घेऊन मुठीकडून टोकापर्यंत ओढला आणि दाराच्या उजेडात धरलं.

ओहोटी लागली की खाडीच्या चिखलावर पाण्याच्या वळ्या राहतात. एकीला लागून एक, कुठे जवळ, कुठे फाकलेल्या, आणि वर उजेड पडला की सगळा चिखल चालायला लागल्यासारखा दिसतो. पात्यावर ते होतं. हात जरा कलता केला की वळ्या हलत होत्या.

हौसाबाईनं पातं सहदेवाच्या हातात दिलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं, पुन्हा तिच्या हातात दिलं, पुन्हा घेतलं. "बाला दिसायला पायजे होतं," तो म्हणाला. मग त्यानं भट्टीतली राख उकरली. ती कोणी उकरायची गरज नव्हती.

मूठ राहिली होती. चार महिने पाऊस झालेला. घरात, बाजारात, वखारीत जे लाकूड होतं ते सगळं ओल धरून बसलेलं. ओल्या लाकडाची मूठ बसवली तर महिन्याभरात आकसून हलायला लागणार. सहदेव दोन वखारी फिरून हात हलवत आला. येऊन दारात उभा राहिला तर त्याची नजर हौसाबाईच्या घणाकडे गेली. तिवसाचा दांडा. सोळा-सतरा वर्षं भट्टीच्या उबेत वाळलेला, तिच्या तळव्यांनी घासून चिंचोक्यासारखा काळसर तुळतुळीत झालेला.

"एवढं कोरडं लाकूड कल्याणात दुसरं नाय," तो म्हणाला. "पण तुझ्या हाताला बसलाय तो. नाय म्हणालीस तरी चालेल."

हौसाबाईनं दांडा हातात घेतला. मधला भाग, जिथे उजवा हात सरकतो, तिथे तो जरा बारीक झाला होता. "इथनं कापा," तिनं दाखवलं. "मुठीला आयताच आकार हाय."

त्याच्या दोन फाका करून त्यांनी पितळेच्या तीन खिळ्यांनी मूठ बसवली. घणाला बाभळीचा नवा दांडा आला, आणि पुढचा महिनाभर हौसाबाईच्या हाताला नव्या नवरीसारखे फोड राहिले.

खंडेनवमीला पहाटे त्यांनी ऐरण, घण, सांडशी, भाता धुऊन झेंडूची फुलं वाहिली आणि पोपट नावाड्याच्या होडीतून भरतीबरोबर मोहन्याला गेली. पाटलाच्या पडवीत गावची माणसं जमली होती. पाटावर कुऱ्हाडी, कोयते, भाले आणि पाटलाची बंदूक मांडून ठेवलेली. महिपत पाटलानं फडकं सोडलं. त्यानं सुरा पडवीच्या बाहेर उन्हात नेला. माणसं त्याच्या मागून गेली.

"पाटील," सहदेव म्हणाला, "दोन बोटं तोकडा झालाय. टोकाला जोड कच्चा राहिला होता, तो कापून टाकला. आदीच सांगतो."

पाटलानं कुंपणातला अंगठ्याएवढा बांबू एका घावात तोडला. धार बघितली. मग पात्यानं स्वतःच्या मनगटावरचे केस काढून पाहिले. पातं गुडघ्यावर टेकवून वाकवलं, सोडलं. ते सरळ झालं. "तोकडा तर तोकडा," तो म्हणाला. "सहदेवा, भिवाबाबाचा हात उतरलाय तुझ्यात."

आता हे वाक्य म्हणजे सहदेवानं आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते. हौसाबाई पडवीच्या खांबाशी बायकांत उभी होती. तिनं नजर खाली केली. त्यानं ते वाक्य घेतलं असतं तर तिला वाईट वाटलं नसतं. ते त्याच्याच बापाचं होतं, आणि हात त्याचेही भाजले होते.

"माझ्यात नाय," सहदेव म्हणाला. "मला तुमी आलात तवा जौहर येत नव्हतं. खोटं बोललो मी. बानं ते हिला दाखवलं होतं. ताव हिनं बघितला, घण हिनं मारला. मी सांडशी धरली."

कोणीतरी मागे हसलं. मग हसणं थांबलं, कारण पाटील हसत नव्हता. तो हौसाबाईकडे बघत होता, सुरा तसाच हातात.

"खरं काय, बाय?" त्यानं विचारलं.

"सांडशी धरणं सोपं नसतं," हौसाबाई म्हणाली.

पाटलाची बायको विमलाबाई आतून निरांजन घेऊन येत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पाटलानं लोहारासाठी कोरं पागोटं आणून ठेवलं होतं. ते तिनं सहदेवाच्या हातात दिलं, आणि आत जाऊन स्वतःच्या पेटीतलं हिरवं लुगडं घेऊन आली. हौसाबाईच्या ओटीत नारळ, तांदूळ घालून म्हणाली, "सुरा पाटावर तूच ठेव बाय. ज्याच्या हातचा, त्यानं ठेवावा."

हौसाबाईनं सुरा दोन्ही हातांनी घेऊन पाटावर ठेवला. किंचित वाकडा ठेवला गेला, तो सरळ केला. आजूबाजूची माणसं थांबली होती तिच्यासाठी. एवढी माणसं आपल्यासाठी थांबलेली तिनं पूर्वी पाहिली नव्हती.

जेवताना मात्र सहदेवाचं तोंड सुटलं. तेरा दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. हौसाबाईला बायकांच्या पंगतीत बसून ऐकू येत होतं, की तिनं विस्तवात नुसतं बघितलं की लोखंड आपोआप रंग सांगतं, आणि तिचा घण तिघा गड्यांना उचलत नाही. घण कोणालाही उचलेल असा होता. तिनं पदर तोंडाला लावला आणि विमलाबाईनं तिच्या पानात तिसरी पुरणपोळी वाढली. हात धुताना पाटील तिच्यापाशी येऊन म्हणाला, "भात कापणीला वीस कोयते लागतील, हौसाबाय. तू ताव बघशील ना?"

"बघीन," ती म्हणाली.

परतताना ओहोटी लागली होती. पोपटाला वल्हं मारायची फारशी गरज नव्हती. नदी आपणच होडीला कल्याणकडे नेत होती. हौसाबाई पागोट्याच्या आणि लुगड्याच्या गाठोड्यावर डोकं टेकून बसली आणि मोहन्याची झाडं दिसेनाशी व्हायच्या आत झोपली. तिचा फोड आलेला तळवा होडीच्या काठावर उताणा पडला होता.

ऊन तिरपं तिच्या तोंडावर येत होतं. सहदेवानं खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी ताणून तिच्यावर धरलं.

"सहदेवदादा," मागून पोपट म्हणाला, "पाटलाकडं लई मोठा मान झाला म्हणतात. काय काय झालं, सांगा की. कल्याण यायला अजून वेळ हाय."

सहदेवानं मान वळवून त्याला नुसत्या डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. मग पुन्हा पुढे तोंड करून, धक्का येईपर्यंत, दुखणारे हात एकदाही खाली न घेता तो उपरणं धरून बसला.